लेकराचा चेहरा आणि बाजूचा उजेड



आपल्याकडे कोणाच्याही घरी गेले, की ओसरीतून आत पाऊल टाकताच समोरच्या भिंतीवर एक तसबीर दिसते. हार घातलेली, काचेवर कुंकवाचे बोट लावलेली. आजोबा असतात, नाही तर आजी. जरा बारकाईने पाहावे तर ध्यानात येते, की हा फोटो मुळात मतदार ओळखपत्रावरचा किंवा आधार कार्डावरचा आहे. माणूस गेल्यावर तेराव्याच्या गडबडीत कोणीतरी तो भुसावळला नाही तर जळगावला नेऊन मोठा करून आणलेला आहे. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, सरकारी कॅमेऱ्यापुढे बसल्यावर माणूस जसा दिसतो तसा. ज्याने जन्मभर घर हसते ठेवले, त्याची घरात राहिलेली खूण ही अशी.

माझ्या वडिलांचा लहानपणचा एकही फोटो आमच्या घरात नाही. पाच वर्षांचे असताना ते कसे दिसत, हे सांगू शकणारी शेवटची व्यक्ती म्हणजे माझी आत्या, आणि तीही आता गेली. म्हणजे तो चेहरा आता जगात कोठेच उरला नाही. हे मनात आले त्या दिवसापासून मी या कॅमेऱ्याच्या नादाला लागलो. मी वाङ्मय शिकवणारा माणूस. यंत्राचे आणि माझे कधी जमले नाही. तरीही लागलो.

आपण म्हणाल, आता कशाची उणीव आहे? प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात लेकराचे पाचशे फोटो आहेत. खरे आहे. पण त्यातले घराच्या आत, संध्याकाळी काढलेले फोटो एकदा पाहा. यावल-रावेरच्या बाजूला आपली मुले दिवसा शाळेत, उन्हाळ्यात उन्हाच्या भीतीने दाराआड. सगळे घर एकत्र येते ते दिवेलागणीला. आजीच्या मांडीवर नातू बसतो तो तेव्हाच. आणि नेमका तेव्हाच उजेड पुरत नाही. मग फोटो एक तर हललेला येतो, नाही तर फ्लॅशने पांढराफटक पडलेला. तो फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवून बाजूला कसा ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

पहिल्यांदा माझी फजिती सांगतो. दिवाळीचा पाडवा होता. चार वर्षांची माझी पुतणी परकर-पोलके घालून देवळीपाशी पणती पाहत उभी होती. मी नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर नवा फ्लॅश चढवला आणि कळ दाबली. लख्खकन उजेड पडला. पोर दचकली, आजीच्या पदरात जाऊन लपली ती जेवणाच्या ताटावरच बाहेर आली. आई म्हणाली, "काय रे भाऊ, वीज पाडतो का घरात?" आणि फोटो? कपाळ पांढरे, नाक सपाट, डोळ्यांच्या बाहुल्या लाल, मागच्या भिंतीवर काळी कुळकुळीत सावली. पणती तर पेटलेली आहे की विझलेली तेही कळेना. जे दृश्य पाहून मी कॅमेरा उचलला होता, तेच माझ्या उजेडाने पुसून टाकले होते.

असे का होते? सकाळी आठच्या सुमाराला आपल्या घराच्या दाराशी लेकराला उभे करा. ऊन अंगावर नको. नुसता दाराचा उजेड एका बाजूने येऊ द्या. एक गाल उजळ, दुसरा थोडा सावळा, नाकाची लहानशी सावली. चेहरा गोल दिसतो, कारण सावलीमुळेच आपल्याला गोलाई कळते. आता डोळ्यांसमोरून टॉर्च मारा. सावल्या चेहऱ्याच्या मागे पळतात आणि चेहरा भाकरीसारखा चपटा होतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश हेच करतो; तो भिंगाच्या शेजारी बसून समोरून मारा करतो. बाहुल्या लाल होतात त्याही त्यामुळेच. समोरून गेलेला उजेड बाहुलीतून थेट आत जातो, डोळ्याच्या मागच्या रक्ताळ पडद्यावर आपटून तसाच भिंगाकडे परततो. फ्लॅश बाजूला नेला की हा लालपणा जातो.

इथे जरा थांबून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो, विशेषतः शिक्षकमंडळींना. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत दोन्ही बाहुल्या लाल आल्या तर काळजीचे कारण नाही. पण एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, आणि असे एकाहून अधिक फोटोंत दिसत असेल, तर लेकराला उशीर न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कधी कधी नुसत्या नजरेच्या कोनानेही तसे दिसते, म्हणून घाबरून जाऊ नका. पण तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. क्वचित पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. तो लवकर सापडला तर जीव वाचतो आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते. असे कित्येक रोग आईबापांना आधी घरच्या फोटोतच दिसलेले आहेत. फोटो डिलीट करण्याआधी डोळे पाहून घ्यावेत ते एवढ्यासाठी.

आता फ्लॅशकडे वळू. हा कृत्रिम क्षणिक उजेड तसा फार जुना नाही. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड पाडण्याची युक्ती निघाली. भुकटी भडकायची, खोलीभर धूर व्हायचा, फोटो काढणाऱ्याच्या भुवया जळायच्या. १९२९ साली, तेही जर्मनीतच, काचेच्या गोळ्यात ही आग कोंडण्यात आली. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला अशाच गोळ्यांवर काम करीत. एक गोळा म्हणजे एक फोटो, की संपला. पुढे अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास विजेच्या ठिणगीचा फ्लॅश सिद्ध केला. आजचा आपला फ्लॅश त्याच कुळातला. आत झेनॉन वायूची नळी असते, चार सेलची वीज साठवून ती एका झटक्यात नळीत सोडली जाते. हा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका, कधी त्याहूनही छोटा असतो. म्हणून तर उडी मारणारे पोर हवेत स्वच्छ टिपले जाते. लोडशेडिंग असले तरी याचे काही अडत नाही, हा आपल्या दृष्टीने मोठा गुण. मात्र बिघडला तर घरी उघडू नका. सेल काढले तरी आतल्या साठवणीत तीनशे व्होल्टच्या आसपास वीज राहिलेली असू शकते. बाजारात स्वस्तात मिळणारा फार जुना फ्लॅशही नव्या कॅमेऱ्यावर थेट बसवू नका. त्यातल्या काहींच्या तळाशी येणारा विजेचा दाब कॅमेऱ्याला सोसत नाही.

कॅमेऱ्यावर एक लहान डबी बसते, दुसरी फ्लॅशला लागते. कळ दाबली की पहिली दुसरीला रेडिओ लहरींनी निरोप देते. म्हणजे आपले आकाशवाणीचेच काम, फक्त एका खोलीपुरते. दुसरी डबी आतच असलेले फ्लॅशही मिळतात. एवढे जमले की फ्लॅश आपल्या हातात आला. तो बाजूला न्या, वर करा, दाराबाहेर ठेवा.

ठेवायचा कोठे? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळण्याआधी आपल्या खानदेशातच मिळाले. चाळीसगावला केकी मूस नावाचे एक पारशी गृहस्थ राहत. १९१२ साली मुंबईत जन्मले, विलायतेत कला शिकून आले, आणि मग चाळीसगावच्या आपल्या बंगल्यात जे शिरले ते जवळजवळ पन्नास वर्षे क्वचितच बाहेर पडले. १९८९ साली ते वारले. मेजावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा उजेड पाडून त्यांनी जी छायाचित्रे काढली, त्यांना देशोदेशीचे सन्मान मिळाले. मेजावरची हातभर मांडणी फोटोत विस्तीर्ण मुलूख वाटते. आणि आपल्या घराला त्यांनी नाव काय दिले होते? 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. रेम्ब्रांट हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. त्याच्या चित्रांतली माणसे एका बाजूच्या, जरा उंचावरून आलेल्या उजेडात बसलेली असतात. अर्धा चेहरा अंधारात, आणि अंधारातल्या त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटासा त्रिकोण. जगातले छायाचित्रकार आजही या मांडणीला त्याच्याच नावाने ओळखतात. ज्या माणसाने घराबाहेर न पडता जग दाखवले, त्याच्या घराला हे नाव असावे, याचे मला त्यांच्या संग्रहालयातून बाहेर पडताना फार नवल वाटले होते. चाळीसगावला गेलात तर जरूर पाहून या. शाळेच्या सहलीला वेरूळ-अजिंठा असतेच, वाटेत हेही पाहता येईल.

तर मांडणी अशी. लेकरू तुमच्याकडे तोंड करून बसले आहे. फ्लॅश त्याच्या उजव्या किंवा डाव्या हाताला, समोर आणि बाजू यांच्या अगदी मध्यावर, आणि त्याच्या डोक्याहून हातभर उंच. मग नाकाची सावली तिरपी खाली पडते. त्या त्रिकोणाचा हट्ट मात्र मुलांच्या बाबतीत धरू नये. मुले मान वळवणारच. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एक एक ठिपका चमकतो आहे ना, एवढे पाहावे. तो ठिपका नसेल तर डोळे विझलेले दिसतात.

दुसरी गोष्ट अंतराची. केळीच्या बागेत फवारणी करणाऱ्याला हे मी सांगायला नको. नोझल पानाजवळ धरले तर एकच पान चिंब होते. दुप्पट लांब धरले तर तीच फवार चार पानांवर पसरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई येते. उजेडाचे गणित हेच. अंतर दुप्पट, उजेड पाव. अंतर तिप्पट, उजेड नववा हिस्सा. माझ्या पहिल्या फोटोत मी पुतणीपासून दोन मीटरवर होतो आणि भिंत तिच्या मागे अर्ध्याच मीटरवर. म्हणजे जेवढा उजेड तिच्यावर, त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश भिंतीवर. भिंत उजळणारच आणि सावली उमटणारच. आता लेकराला भिंतीपासून दोन मीटर पुढे आणा आणि फ्लॅश त्याच्यापासून मीटरभरावर ठेवा. भिंतीच्या वाट्याला नववा हिस्सा येईल. भिंत आपोआप अंधारात जाईल, आणि भिंतीवरची खुंटी, कॅलेंडर, विजेची वायर, हा सगळा पसाराही तिच्याबरोबर जाईल. लहान घरात फोटो काढणाऱ्याला याहून मोठा उपकार नाही.

तिसरी गोष्ट उजेड मऊ करण्याची. फ्लॅशचे तोंड काडेपेटीएवढे. त्याची सावली सुरीने कापल्यासारखी येते. उजेडाचे तोंड मोठे करावे लागते. शहरात याकरिता पांढऱ्या छत्र्या आणि पेट्या मिळतात. पुस्तकात असेही सांगतात, की फ्लॅश छताकडे वळवा, उजेड छतावर आपटून मऊ होऊन येईल. पुस्तक लिहिणाऱ्याने धाब्याचे घर पाहिलेले नसते. आमचे छत म्हणजे धुराने काळवंडलेल्या सागाच्या कड्या. ते सगळा उजेड गिळून टाकते. भिंतीवर आपटवावा तर भिंत निळी, आणि निळ्या भिंतीवरून आलेल्या उजेडात पोर आजारी दिसते. शेवटी मी बाज उभी केली, तिच्यावर वडिलांचे धुतलेले पांढरे धोतर ताणून बांधले आणि फ्लॅश तिच्या मागे दोन-तीन फुटांवर ठेवला, म्हणजे उजेड सगळ्या कापडावर पसरतो. बाजेची नवार किंवा सुंभ आड येत असेल तर बांबूची चौकट करा. आमच्याच तालुक्यात, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातलेच साहित्य वापरून सगळी सजावट उभी केली होती. आपल्याला तर एक चौकटच करायची आहे. दुसऱ्या बाजूला, सावलीतल्या गालाजवळ, एक पांढरी चादर धरायला मोठ्या मुलाला उभे करा. म्हणजे अंधार थोडा निवळतो, आणि थोरल्याला कामही मिळते.

कॅमेऱ्याचे आकडे फार सांगत नाही. सगळे स्वतःच्या हाताने लावावे. यंत्राच्या मर्जीवर सोडले की प्रत्येक फोटो वेगळा येतो. आयएसओ ४००, छिद्र ५.६, पडद्याची गती १/१२५, फ्लॅशची ताकद १/३२, धोतरामागून मीटरभर अंतर. इथून सुरुवात करा. फोटो काळवंडला तर ताकद १/१६ करा, पांढरा पडला तर १/६४. पडद्याची गती पुष्कळ कॅमेऱ्यांत १/२०० च्या वर नेऊ नये, नेली तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. आणि यातले मर्म असे, जे कळायला मला दोन महिने लागले. फ्लॅश क्षणात लागून विझतो, त्यामुळे पडदा थोडा वेळ उघडा राहिला काय किंवा जास्त वेळ राहिला काय, फ्लॅशचा उजेड तेवढाच येतो. पण खोलीतल्या दिव्याचा, पणतीचा उजेड सतत वाहत असतो. पडदा जितका वेळ उघडा तितका तो अधिक भरतो. म्हणून पणती दिसायला हवी असेल तर फ्लॅशला हात लावू नका. पडद्याची गती १/३० करा, १/१५ करा. फ्लॅशवर पिवळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा चिकटवला की त्याचा पांढरा उजेड दिव्याच्या पिवळ्या उजेडाशी जुळतो. लग्नाच्या आहेराच्या टोपलीवरचा कागद चालतो.

ज्यांच्याजवळ मोबाइलच आहे त्यांनी निराश होऊ नये. मोबाइलचा दिवा बंद ठेवा. दुसऱ्याच्या मोबाइलची टॉर्च किंवा चार्जिंगचा दिवा त्याच धोतरामागे, त्याच जागी ठेवा. उजेड कमी, म्हणून लेकराला गोष्ट ऐकायला बसवा. गोष्टीत रंगलेले मूल स्थिर असते. जागा आणि अंतर यांचे नियम काही बदलत नाहीत.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी आपली मुलगी गीता हिला हातात दिवा देऊन उभे केले आणि जलरंगात जे चित्र काढले, ते आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रात दिवा एकच. ज्योतीवर धरलेल्या बोटांच्या फटी लाल झालेल्या, आणि चेहरा त्या एका उजेडात न्हालेला. घरची मुलगी, घरचा दिवा. त्यासाठी काही वेगळा राजवाडा लागला नाही.

मुलांविषयी दोन शब्द. तीन वर्षांच्या आतल्या लेकरावर जवळून, तोंडासमोर फ्लॅश मारू नका. दूरच्या, कापडामागच्या उजेडाने अपाय होत नाही, पण दचकवायचे कशाला? आधी फ्लॅश त्याच्या हातात द्या. माझ्या पुतणीला मी फ्लॅशची चाचणीची कळ दाखवली; तिने धोतराआड वीस वेळा वीज पाडली, आजीवर पाडली, मांजरावर पाडली, आणि भीती गेली. सेल संपले ते वेगळे. तुम्ही जमिनीवर बसा; कॅमेरा लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला यायला हवा. वरून काढलेल्या फोटोत मूल नेहमी ओशाळलेले दिसते. आणि "हस, हस" म्हणू नका.

केळीच्या कापणीवर जाणाऱ्या आमच्या एका शेजारणीने एकदा आपला सहा वर्षांचा पोऱ्या फोटोला आणला. पोऱ्या छान सावळा. पण तोंडाला पावडरचा जाड थर. फोटोत गोरा दिसावा म्हणून. त्यावर फ्लॅश पडला तर पावडर चमकते आणि चेहरा राखेने माखल्यासारखा दिसतो, हे मी आधी भोगलेले होते. पण तिला शास्त्र सांगण्याचा धीर झाला नाही. मी काही बोललो तर तो तिच्या पोराच्या रंगाचा अपमान झाला असता. मी म्हटले, "ताई, असाही काढू, आणि तोंड धुऊनही एक काढू." दोन्ही काढले. दुसऱ्या वेळी फ्लॅश जरा आणखी बाजूला नेला. सावळ्या कातडीवर बाजूच्या उजेडाची जी झळाळी येते, ती गोऱ्या कातडीवर येत नाही. घासून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी ती येते. दोन्ही फोटो मी छापून आणले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. तिने पहिला उचलला, पाहिला, खाली ठेवला. दुसरा बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "हा आपलाच दिसतो." पहिला माझ्याकडेच राहिला.

छापून घ्या, हे सांगायचे राहिलेच. मोबाइल विहिरीत पडतो, बिघडतो, विकला जातो, आणि पाचशे फोटो त्याच्याबरोबर जातात. वर्षाला एका लेकराचा एक फोटो पोस्टकार्डाएवढा छापा, मागे बॉलपेनने नाव, गाव आणि तारीख लिहा, उन्हात टांगू नका. आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत रंग उडतो. आमच्या घरी तो लोखंडी पेटीत, जमिनीच्या उताऱ्यांच्या पिशवीत असतो. पुतणी आता नऊ वर्षांची आहे, म्हणजे पिशवीत तिचे पाच फोटो आहेत. पाडव्याचा तो पहिला, लाल डोळ्यांचाही त्यात आहे. तिनेच तो टाकू दिला नाही.